सप्लाय गेलाय म्हणे!

मागच्या महिन्यात चारकोपच्याच एका भंगारवाल्याकडून मी एक ऑसिलोस्कोप आणला. सातशे रुपयांना. खरं तर दोन आणले, पण दुसऱ्याबद्दल शेवटी. (आमच्या सौ. हे वाचतात. त्यांना दोनाचा आकडा माहीत होता, सातशेचा नव्हता. आता झाला.)

वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईक आहेत, म्हणून आधी हे यंत्र काय ते सांगतो. मल्टिमीटर व्होल्टेज किती आहे ते आकड्यात सांगतो. ऑसिलोस्कोप ते कसं हलतंय ते दाखवतो. दवाखान्यात ईसीजीची रेघ बघता ना, तसंच काहीसं. फक्त हृदयाऐवजी सर्किटची नाडी, आणि ठोके सेकंदाला लाखांत. माझ्याकडे आलेला २० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलवाला, भारतीय बनावटीचा, ऐंशीच्या दशकातला. पुढे काचेच्या नळीचा हिरवा पडदा, बाजूला नॉबची रांग, आणि उचलताना कंबरेला आठवण राहील इतकं वजन. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिचा यात काहीच दोष नाही. हेच तर सांगायचंय.

त्याच्या पाठीवर एक पिवळा पडलेला कागद चिकटवला होता. त्यावर: 'पॉवर सप्लाय फॉल्टी. बीईआर.' खाली सही, तारीख, शिक्का. बीईआर म्हणजे बियॉन्ड इकॉनॉमिकल रिपेअर, अर्थात दुरुस्ती परवडणार नाही. माझं भांडण आहे ते ह्या कागदाशी.

हा कागद आला एका डिप्लोमा कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधून. कुठल्या ते विचारू नका, कारण मी असे कागद आणखी तीन ठिकाणी बघितलेत. योगायोग असा की माझा भाचा तिथेच तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानेच फोन करून सांगितलं, "मामा, आमच्या लॅबचे जुने स्कोप टेम्पोत भरतायत, तुला हवाय का?" मी पोचेपर्यंत टेम्पो गेला होता. पण चारकोपमध्ये टेम्पो कुठे रिकामा होतो ते मला ठाऊक आहे. माझी सव्वीस वर्षं इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यांत बॅटरी चार्जर आणि इन्व्हर्टर तपासण्यात गेली. गाळे, भंगारवाले आणि टपऱ्या ह्यांचा नकाशा डोक्यात पक्का आहे.

आता मुद्द्यावर येतो. 'सप्लाय गेलाय' हे निदान नाही. डॉक्टरने 'तब्येत बरी नाही' असं लिहून फी घ्यावी तसं आहे ते. स्कोप चालू केला, पडद्यावर रेघ नाही, कुणीतरी एका ठिकाणी मल्टिमीटर टेकवला, हवं ते व्होल्टेज दिसलं नाही. झालं! सप्लाय गेलाय. लिहा कागद, मारा शिक्का.

अशा स्कोपच्या आत एक नव्हे, चार-पाच सप्लाय असतात. माझ्या ह्या स्कोपमध्ये लॉजिकसाठी ५ व्होल्ट, अॅम्प्लिफायरना प्लस १२ आणि मायनस १२, पडद्यावरचा ठिपका इकडेतिकडे ओढणाऱ्या शेवटच्या टप्प्याला १४०, आणि चित्रनळीच्या कॅथोडला मायनस १९००. एकच ट्रान्सफॉर्मर, त्याच्या वेगवेगळ्या वाइंडिंग, प्रत्येकापुढे डायोड, मोठा फिल्टर कपॅसिटर, मग रेग्युलेटर. आणि प्रत्येक सप्लाय पुढे तारांमधून तीन-चार कार्डांवर जातो. म्हणजे आपल्या सोसायटीची गच्चीवरची टाकी आणि खाली उतरणारे पाइप. तळमजल्याच्या नळाला पाणी नाही म्हणून टाकी गळकी ठरत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्याने बाथरूमचं काम काढून पाइप उघडा ठेवला असेल, तर टाकीवाल्या बिचाऱ्याला शिव्या देऊन काय होणार?

ही काही माझी अक्कल नाही. टेक्ट्रॉनिक्स ह्या अमेरिकन कंपनीचा ४६५ नावाचा स्कोप १९७२ साली आला. जगभरच्या सर्व्हिसवाल्यांनी डोक्यावर घेतलेलं यंत्र. त्याबरोबरच्या जाडजूड सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अख्खं सर्किट, ते कसं चालतं ह्याचं वर्णन, ठिकठिकाणी किती व्होल्टेज आणि कुठला आकार दिसायला हवा, सगळं छापलेलं. बिघाड शोधताना आधी सप्लाय तपासा असं त्यात सांगितलंय, आणि लगेच पुढे सावधही केलंय की दुसरीकडचा खराब भागसुद्धा सप्लायच्या बिघाडाचं सोंग घेऊ शकतो. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी छापून झालेली गोष्ट. आपल्याकडेही ठाण्याची अप्लॅब १९६२ पासूनची कंपनी, तिने स्कोप बनवले. इंदूरच्या सायंटिफिक मेस-टेक्निकने जर्मन हामेग कंपनीच्या सहकार्याने बनवलेले स्कोप तर देशभरच्या कॉलेजांत गेले. हामेगच्या मॅन्युअलमध्येही सर्किट डायग्राम आणि तपासणीच्या सूचना असायच्या. तेव्हा 'माहितीच नव्हती' ही सबब चालायची नाही. मॅन्युअल कपाटात होतं. कपाटाची किल्ली हरवली असेल तर गोष्ट वेगळी.

असो. दुसऱ्यांना बोलण्याआधी स्वतःचं सांगतो, नाहीतर भाचा सांगेलच.

पहिल्या दिवशी मीही तेच केलं. कागदावर सप्लाय लिहिलंय ना, मग सप्लायच असणार! स्कोप उघडला, मायनस १२ बघितलं तर जेमतेम अर्धा व्होल्ट. यंत्र चाळीस वर्षांचं, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असणार, असं मनाशी ठरवून टाकलं. लॅमिंग्टन रोडला गेलो (पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून तसं विचारलंत तर टॅक्सीवालाही गोंधळेल), नवे कपॅसिटर घेतले, आणि रविवारची आख्खी दुपार घालवून सप्लाय कार्डावरचे पाच बदलले. त्यातला एक उलटा बसवला होता, तो चालू करण्याआधी दिसला हे नशीब. एका ठिकाणी जुन्या पीसीबीचा तांब्याचा पापुद्रा सोल्डरबरोबर उचलून आला, तिथे तारेचा तुकडा जोडावा लागला. चालू केला. मायनस १२? अर्धा व्होल्ट. जिथल्या तिथे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पाच संन्यासी.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा एक गोष्ट आठवली, जी मी गाळ्यात नव्या पोरांना शंभरदा सांगितली असेल. मायनस १२ च्या रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर बोटाला चटका बसेल इतका तापत होता. मेलेला भाग बहुधा थंड पडतो. जो तापलाय तो बहुतेक वेळा कुणाचं तरी ओझं ओढत असतो. मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर साधारण १८ व्होल्ट हवे होते, तिथे साडेसोळा होते. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक, डायोड ठीक, कपॅसिटर ठीक (जुनेही ठीकच होते, अरेरे), फक्त जरा वाकलेले, कारण पुढे कुणीतरी भरमसाट करंट खेचतंय. आणि रेग्युलेटर शहाण्यासारखा मर्यादा घालून व्होल्टेज खाली आणतोय, जळू नये म्हणून. ज्याने सगळ्यांना वाचवलं त्याच्याच पाठीवर आम्ही 'फॉल्टी'चा कागद चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावलं. स्कोप बंद करून, मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, मायनस १२ आणि जमीन ह्यांच्यातला रेझिस्टन्स मोजला. दोन ओहमसुद्धा नाही. मग एकेका कार्डाचा कनेक्टर काढायचा आणि परत मोजायचं. टाइमबेसचा काढला, फरक नाही. ट्रिगरचा काढला, फरक नाही. व्हर्टिकल अॅम्प्लिफायरचा काढला आणि मीटर उडी मारून शेकड्यांत गेला. त्याच अवस्थेत स्कोप चालू केला: मायनस १२.०३. भाचा बघतच राहिला. "म्हणजे सप्लाय चांगलाच होता?" हो बाबा. चांगलाच होता. कागद लिहिला त्या दिवशीही चांगलाच होता.

व्हर्टिकल कार्डावर मायनस १२ च्या पट्टीवर नऊ टँटलम कपॅसिटर. छोटे, थेंबासारखे, पिवळे. टँटलमची खोड अशी की तो म्हातारा झाला की पुष्कळदा शॉर्ट होतो, आणि दिसायला मात्र तसाच गोंडस. नऊपैकी कुठला? इथे आमचे उत्साही मित्र नऊच्या नऊ उपटतील. त्याची गरज नसते. टेबलावरच्या सप्लायवरून त्या पट्टीत अर्धा अॅम्पियर सोडायचा, व्होल्टेज एका व्होल्टच्या वर जाणार नाही असं बांधून. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून पट्टीवरून पुढे पुढे टेकवत जायचं. करंट वाहतोय तोवर आकडा थोडा थोडा उतरत जातो. जिथे उतरायचा थांबला, त्याच्या अलीकडे करंट जमिनीत घुसतोय. आमचा आकडा सहाव्या कपॅसिटरपर्यंत उतरला आणि सातव्याला तिथेच राहिला. सहावा काढला. १६ व्होल्टचा होता, १२ च्या पट्टीवर. टँटलमला दुप्पट तरी माया ठेवावी म्हणतात. ३५ व्होल्टचा लावला. दहा-पंधरा रुपये.

रेघ आली. बारीक, हिरवी, स्थिर. भाच्याने मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकला, ताईने लगेच विचारलं "हे काय, बिघडलंय का?"

दुरुस्ती परवडणार नाही म्हणे!

आता, 'सगळे कपॅसिटर बदलून टाका' म्हणणाऱ्यांशी दोन शब्द. हल्ली हे फार बोकाळलंय. जुनं यंत्र हातात आलं की तपासणी नाही, मोजमाप नाही, थेट चाळीस कपॅसिटरची यादी. त्यांना वाटतं ते भंगारवाल्याच्या विरुद्ध पक्षात आहेत. माझ्या मते दोघेही एकाच पक्षातले. एक म्हणतो सगळं फेका, दुसरा म्हणतो सगळं बदला, आणि यंत्राला विचारायला दोघेही तयार नाहीत. सरसकट बदलून यंत्र चालू झालंच, तर नेमकं काय गेलं होतं ते कधीच कळत नाही. नाही झालं, तर जुन्या बिघाडात आपल्या हातचे दोन नवे मिसळतात. बरं, बाजारात मिळणारा नवा कपॅसिटर जुन्यापेक्षा चांगला असेल ह्याची हमी कोण देणार? मेन्सच्या फिल्टरमधले जुने कागदी कपॅसिटर मात्र मी न विचारता काढतो. ते तडकतात आणि खोलीभर धूर करतात, तिथे चौकशी समिती नेमायची गरज नाही. बाकी इलेक्ट्रोलिटिकने काय केलंय ते तो स्वतःच सांगतो. ब्रिज रेक्टिफायरनंतरचा तरंग १०० हर्ट्झचा असायला हवा. तिथे ५० दिसला तर कपॅसिटर नाही, एखादा डायोड उघडा पडलाय. तरंग १०० चाच आहे पण फार मोठा, आणि करंट नेहमीइतकाच, तर कपॅसिटर वाळलाय. इतकं सरळ आहे. आणि हे बघायला काय लागतं? दुसरा स्कोप. जो टेम्पोत गेला.

सावधगिरीचं इथेच सांगून ठेवतो, कारण वाचून कुणीतरी उत्साहाने झाकण उघडेल. मायनस १९०० ला साधा मल्टिमीटर लावायचा नाही, तो १००० व्होल्टपर्यंतचाच असतो. त्यासाठी वेगळा प्रोब लागतो. यंत्र बंद केल्यावरही तिथे चार्ज राहतो. चालू यंत्रात हात घालताना एक हात खिशात. आणि पहिल्यांदा चालू करताना नेहमी सिरीज बोर्डवर, म्हणजे वाटेत १०० वॅटचा तारेचा जुना दिवा ठेवून. दिवा क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लख्ख पेटत राहिला तर लगेच बंद. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. (सिरीज दिव्याने शॉक बसायचा थांबत नाही, तो फक्त यंत्राला वाचवतो. तुम्हाला नाही.) हो, आणि आधी फ्यूज बघा. माझ्या स्कोपमध्ये फ्यूजच्या नळीवर कुणीतरी जाड तार गुंडाळलेली होती. कागदावर सही करणाऱ्यानेच असं म्हणत नाही मी.

"पण नवे डिजिटल स्कोप वीस-तीस हजारांत येतात, कशाला हा खटाटोप?" हे मला भाच्याच्या विभागप्रमुखांनीच ऐकवलं. मान्य, एकदाच येऊन जाणारा सिग्नल पकडून ठेवायचा तर डिजिटलच हवा, माझ्या म्हाताऱ्याला ते जमायचं नाही. घ्या ना, जरूर घ्या. पण त्याच्याबरोबर सर्किट डायग्राम मिळत नाही, आणि तो बंद पडला की पोरं काय शिकणार? तर कुरिअरचा फॉर्म भरायला. मी त्यांना सांगितलं की सरांनो, तुमच्या स्टोअररूममध्ये अजून नऊ आहेत. मी निवृत्त माणूस. दर शनिवारी येतो, पैसे नकोत, पोरांना बरोबर घेऊन एकेक उघडतो. ते हसले, चहा मागवला, आणि म्हणाले, "काका, तुमची कळकळ समजते. पण ते निर्लेखित झालेत."

निर्लेखित! म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमधून नाव कमी झालंय. (सरकारी मराठीत त्याला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात. यंत्राला आधीच जड वस्तू म्हटल्यावर पुढचं ओघानेच आलं.) नाव कमी झालेली वस्तू दुरुस्त झाली तर ऑडिटला काय दाखवायचं? चालू यंत्र टाकून दिलं असा आक्षेप येईल. म्हणजे ते बिघडलेलं राहणं हेच कागदाच्या हिताचं. वर मला ई-कचऱ्याचे नियमही सांगण्यात आले. ते मीही वाचलेत. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत प्रयोगशाळेची उपकरणं आहेत. पण त्याच नियमांत रिसायकल करणाऱ्यांबरोबर, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही जागा आहे. आणि नोंदणीकृत रिसायकलरला जायला हवा असलेला माल चारकोपच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे चित्रनळ्या हातोडीने फोडतात, तिथे कसा पोचला, हे मी चहा संपेपर्यंत विचारलं नाही. आता विचारतोय. त्या नळ्यांच्या काचेत शिसं असतं.

भाच्याच्या वर्गात बेचाळीस पोरं आहेत. तिसरं वर्ष. बंद पडलेलं यंत्र त्यांतल्या एकानेही उघडलेलं नाही. लॅबमध्ये संगणकावर सर्किट काढतात, त्यात कपॅसिटर कधी वाळत नाही, टँटलम कधी शॉर्ट होत नाही. भाच्याला गेल्या महिन्यात एका मुलाखतीत विचारलं, मायनस १२ येत नाही, काय कराल? हा म्हणाला, कार्ड बदलीन. नोकरी गेली. मला त्याचा राग आला नाही. त्याला कुणी दुसरं काही दाखवलंच नव्हतं. दाखवायला लागणारी चौदा यंत्रं त्याच इमारतीत, जिन्याखाली, कागद चिकटवून ठेवलेली होती. बिघडलेली होती म्हणूनच तर कामाची होती!

अमेरिकेत जिम विल्यम्स म्हणून अॅनालॉग सर्किटचा मोठा माणूस होऊन गेला. मोडकी उपकरणं आणून दुरुस्त करायचा नाद, त्यावर 'द इम्पॉर्टन्स ऑफ फिक्सिंग' नावाचा निबंधही लिहिला. २०११ च्या जूनमध्ये तो गेला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने त्याचं पसारा भरलेलं टेबल, जुन्या स्कोपसकट, उचलून प्रदर्शनात मांडलं. आमच्याकडे तसं टेबल दिसलं तर आधी कुणीतरी विचारेल, हे सगळं केव्हा काढणार?

ते आमच्या घरीही विचारतात म्हणा. चारकोपची ही आमची बैठी घरं १९८५ नंतरच्या, जागतिक बँकेच्या पैशातल्या म्हाडाच्या योजनेतली. बाबांनी जोतं आणि मोजकं बांधकाम घेतलं आणि पुढे जमेल तसं स्वतः वाढवलं, पत्रा काढून स्लॅब घातला, मग वर मजला चढवला. तो मजला म्हणजेच माझं वर्कशॉप. दोन स्कोप मावतात, तिसरा मावणार नाही असं मला लेखी सांगण्यात आलं आहे.

विभागप्रमुखांना मी पत्र दिलंय, पोच घेतली आहे. नऊ यंत्रांचे नंबर घालून. उत्तर नाही. लिलाव कधी आहे तेही कळलेलं नाही, पण टेम्पोवाल्याला माझा नंबर देऊन ठेवलाय.

दुसरा स्कोप काल सिरीज बोर्डवर लावला. त्याच्याही पाठीवर तोच कागद, तीच सही. दिवा पेटला आणि मंदावला. ५ आहे, प्लस १२ आहे, मायनस १२ आहे. १४० च्या जागी ६१. मी तिथेच बंद करून झाकण ठेवून दिलं. कनेक्टर एकही काढलेला नाही. भाचा शनिवारी येतोय.